रुमलीची हसळी

फाइलीवर कारकुनानं लाल पेनानं लिहून टाकलं होतं, 'रुग्णाने उपचार नाकारले.' मला असा संताप आला! रुमलीनं उपचार नाकारले नव्हते. तिनं फक्त गळ्यातली हसळी काढायला नकार दिला होता.

मी सिंधू. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यातल्या भिलाला आदिवासींच्या वस्तीवर आशा सेविका म्हणून काम करते. रुमलीच्या गालातली गाठ पहिल्यांदा मीच पाहिली. मीच मागे लागले आणि मीच तिला नि तिच्या नवऱ्याला, गुलसिंगला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आले. तोंडाचा कॅन्सर निघाला. गालावर आणि मानेवर मशीननं रेडिएशनचा शेक द्यायचा होता, तीस दिवस.

पहिल्याच दिवशी मशीनवरच्या मॅडम म्हणाल्या, गळ्यातलं काढा. रुमलीच्या गळ्यात चांदीची जाडजूड गोल हसळी होती, लग्नातली. तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"अवं, कोणी चोरत नाही," मी म्हटलं. "माह्या पिशवीत ठेवतो ना मी."

हेच मी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तर खेकसूनच. मॅडमनी घड्याळ पाहिलं, पुढच्या पेशंटला हाक मारली आणि फाइल कारकुनाकडे गेली. यादीतून एकदा नाव कटलं की पुढचा नंबर दोन महिन्यांनी. तोवर ती गाठ गप्प बसणार होती थोडीच!

बाहेर बाकावर रुमली माझ्याकडे बघेना. शेवटी गुलसिंगच बोलला.

"ताई, तुमी चोरीचं काऊन बोलून राह्यल्या? आमच्यात नवरा मेल्यावरच बाईची हसळी काढतात. मी त जित्ता हाओ. मंग थे कशी काढन?"

माझा हात आपोआप मंगळसूत्राकडे गेला. पंधरा वर्षं मी या वस्तीवर जाते, त्यांच्या घरी जेवते, आणि एवढी साधी गोष्ट कधी विचारली नव्हती. लाज वाटली. मला लाज वाटली की रागही दुप्पट येतो. उठले, फाइल घेतली आणि मॅडमच्या टेबलावर आपटली.

"हिनं काही नाकारलेलं नाही. तुमचं मंगळसूत्र असं चारचौघांत काढायला लावलं तर काढाल?"

मॅडमनी फाइल सरळ केली. मग हळूच म्हणाल्या, "ताई, पण शेक चालू असताना मानेवर धातू नको. कातडी नाजूक होते, सोलून निघेल. शेक संपला, जखमा भरल्या, की घालू द्या."

हेही खरंच होतं. गुलसिंग रुमलीसमोर उकिडवा बसला आणि त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. मग माझ्याकडे वळून त्यानं तेच सांगितलं, "म्या म्हटलं, जित्त्या नवऱ्यानं काढली आन् जित्त्या नवऱ्यानंच घातली, त कोन मेलं?"

रुमलीनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं मान पुढे केली.

त्यानं हसळीची टोकं जपून फाकवली, तिच्या गळ्यातून काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. कारकुनाला मी ती लाल ओळ खोडायला लावली. शेजारी सहीसुद्धा करायला लावली, सोडते की काय! रुमली आत गेली.

दारावरचा शिपाई खी खी हसला. "काय बे, तूच बायको झाला काय?"

"हाव," गुलसिंग म्हणाला. "थे बरी होईतो."

शनिवारी मशीन बंद, म्हणून आम्ही गावाकडे निघालो. बस खच्चून भरलेली. शिपाई एकटाच हसला होता, इथं अर्धी बस हसत होती. पुढे बाजार होता, वस्ती होती, अजून कितीतरी आठवडे होते. मला गुलसिंगची दया आली. त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून मी त्याचा गळा झाकायला लागले.

त्यानं माझा हात बाजूला केला. दुपट्टा काढून घडी केली आणि खिडकीला टेकून झोपलेल्या रुमलीच्या डोक्याखाली ठेवली.

"पाहू द्या त्याईले, ताई," तो म्हणाला. "दोघंबी जित्ते हाओ."

आणि त्यानं शर्टाची वरची दोन बटणं उघडली.