हाडेकाकांच्या तारा

“हाडेकाका, हा सांगाडा खऱ्या माणसाचा आहे का हो?”

पैजेपायी विचारलं! मैत्रिणी प्रयोगशाळेच्या दाराआड तोंडं दाबून उभ्या. प्रयोगशाळेतल्या या मितभाषी काकांचं ‘हाडेकाका’ हे बारसंही आमचंच.

“खरा आहे. आणि दाराआडच्यांनो, आत या. त्याला कान नाहीत, मला आहेत.”

त्या धूम पळाल्या. मी राहिले.

काका मऊ फडक्यानं एकेक बरगडी पुसत होते. “बारा जोड्या. मोज.”

मोजल्या. शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच, कशालाच न टेकलेल्या. मग मागे जाऊन पाहिलं. मानेखाली कणा उजवीकडे झुकलेला, त्या बाजूच्या बरगड्या बाहेर आलेल्या.

माझी पाठ अश्शीच आहे. डॉक्टर म्हणतात, खुशाल पोह. आई म्हणते, पोहायच्या कपड्यात पाठ दिसेल, लोक काय म्हणतील? म्हणून गणवेश दोन मापं मोठा, आणि शाळेच्या पोहण्याच्या संघाचा अर्ज आठवडाभर दप्तरात कोराच.

“काका, हा नीट जोडलेला नाहीये.”

“मलाही तसंच वाटलेलं. नोकरीला लागलो त्या वर्षीच्या सुट्टीत तीनदा तारा सोडून मणके पुन्हा ओवले. तिन्हीदा हा तसाच! मुख्याध्यापक म्हणाले, तुला जमत नाही. मलाही पटलं. अकरा वर्षं मान खाली घालून पुसला याला.”

“मग?”

“मग एका मुलीचे वडील आले, हाडांचे डॉक्टर. म्हणाले, अहो, तारा झकास आहेत. माणूसच असा होता.” काका हसले. “गुडघे बघ कसे झिजलेत. भरपूर चाललाय गडी. आणि मी बसलोय त्याला सरळ करत!”

माझ्या ढगळ शर्टाकडे त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे. फडकं मात्र माझ्या हातात दिलं. “मागची बाजू तू पूस. सावकाश.”

मी पुसली. वर आलेली एकेक बरगडी, सावकाश.

संध्याकाळी जेवताना बाबांचं नेहमीचं सुरू झालं, “सरळ बस गं!” आईनं लगेच माझा शर्ट मागून सैल केला.

मी तिचा हात धरला. “बाबा, मी सरळच बसलेय. आणि आई, अर्ज भरलाय मी. सोमवारी चाचणी आहे. मी पोहणार आहे.”