अर्ध्या दिवसाचं काम

माझ्या परसात, न्हाणीच्या भिंतीला टेकून, लोखंडाचे चार पाटे उभे आहेत. मूल गावचा मेकॅनिक इसरू दोनदा म्हणाला, "वामनभाऊ, मले देऊन टाका न, चांगलं लोखंड हाय." मी दिले नाहीत. का दिले नाहीत, ते त्याला तोंडाने सांगता आलं नाही. म्हणून लिहून ठेवतो.

१९८३ साली मला गाडी घ्यायची होती. माझ्याकडे धान मळायचं मशीन होतं. सावलीच्या आसपासच्या गावांत आणि नदीपलीकडे गडचिरोलीच्या बाजूला मी ते भाड्याने फिरवायचो. मशीन ओढायला दुसऱ्याचा ट्रॅक्टर सांगावा लागे, आणि ट्रॅक्टरवाला स्वतःचं काम आटोपल्याशिवाय यायचा नाही. घरात आम्ही सहा माणसं होतो. मी, माझी बायको धुरपता, तीन मुलं आणि माझी आई. मशीनही ओढेल आणि घरच्यांनाही नेईल अशी एकच मोठी गाडी मला पाहिजे होती.

चंद्रपुरात जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे अशा दोन होत्या. एक डॉक्टरची लांब मोटार, मागे आणखी एक बाक असलेली. दुसरी जंगलाच्या ठेकेदाराची लांब जीप, मागे जाड हूक असलेली. मी धुरपताला सोबत नेलं होतं. ती आधी मोटारीत बसली. विकणाऱ्याने आम्हाला रामाळा तलावापर्यंत फिरवून आणलं. रस्ता खराब होता, पण तिने पाठ टेकवली आणि डोळे मिटले. मग जीपमध्ये बसली. जीपमध्ये ती पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून ताठ बसली होती. हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही.

मी विचारलं, "कोणती घेवू?"

"मशीन कोणती ओढते?"

"मोटार नाई ओढत. बांधीतून तं नाईच."

"मंग मले इचारता काऊन?" ती हसली. "शीलाचे बाबा, तुमचं ठरलंच हाय. घ्या जीप."

शीला आमची थोरली. मी जीप घेतली.

जीप कामाची निघाली. धानाच्या ओल्या बांधीतून, शेताच्या धुऱ्यावरून मशीन ओढून काढायची. पण मशीन जोडलं की मागून खाली बसायची. दुसऱ्या वर्षी इसरूने उपाय सांगितला. गाडीखाली चाकांपाशी लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. मागच्या दोन्ही बाजूंना त्याने दोन-दोन पाटे जास्तीचे टाकले. त्यानंतर मशीन जोडूनही जीप सरळ उभी राहायची. मला फार बरं वाटलं.

पण रिकामी चालवली की ती बैलगाडीपेक्षा वाईट आपटायची. मुलं हसायची. आई म्हणायची, "मले उतरवून दे बापा, मी पायी येतो." धुरपता पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसायची.

एकदा तिच्या माहेरून येताना मागे धानाची सहा पोती टाकली होती. घरी उतरल्यावर ती म्हणाली, "आज काऊन अशी पाळण्यावानी चालली?"

"वजन हाय न मागं. वजन असलं का पाटे दबतात, मंग धक्का लागत नाई."

तेव्हापासून कुठे जायचं म्हटलं की ती आधी विचारायची, "पोते हायेत का मागं?" पोती असली की यायची. नसली की काहीतरी काम काढून घरी राहायची. मी चिडवायचो, "राणीसाहेबाले धानाच्या पोत्यायसंगच जमते." ती म्हणायची, "पोते बोलत तं नाई मले." आमचं हसणं व्हायचं. तेव्हाच तिची कंबर दुखत होती, हे मला नंतर कळलं.

१९८६ च्या ऑक्टोबरात चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं. छप्पन सालच्या दीक्षेच्या वेळी धुरपता लहान होती, बापाच्या खांद्यावर बसून तिने तो दिवस पाहिला होता. ती एकही वर्ष चुकवत नसे. मी जीप धुऊन पुसून ठेवली. ती मात्र शेजारच्या ठमाबाईबरोबर सकाळच्या एस.टी.ने निघून गेली. मी मुलांना घेऊन मागून निघालो. मूलच्या स्टँडवर श्रीहरीच्या टपरीवर चहाला थांबलो, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काय वामनभाऊ, घरी जीप अन् बाई यस्टीत उभी! जीप का बकऱ्यायसाठी घेतली का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर मी तिला बोललो.

"पुन्हा यस्टीत चढली तं याद राख. लोक हासून राह्यले माह्यावर."

"बरं," ती म्हणाली.

ती पुन्हा एस.टी.त चढली नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तिला वाकता येईना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, "मणक्याला क्षय आहे. घाबरू नका, बरा होतो. पण औषध दीड वर्ष घ्यायचं. दर महिन्याला मला दाखवायचं. आणि आणताना धक्के लागू देऊ नका."

त्या दिवशी परत येताना मूलपर्यंत तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं. मूलला मी इसरूकडे थांबलो. इसरूने आत डोकावून तिच्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"भाऊ, ते जास्तीचे पाटे काढून देतो. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

"अन् मशीन? आता सीझन सुरू झाला न."

"पाहा बा. मी सांगतलं."

"सीझन झाला का काढू," मी म्हणालो.

डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा जायचं होतं. मी मागे सहा पोती धान टाकलं आणि पुढे तिच्यासाठी वाकळ अंथरली. त्या दिवशी ती बऱ्यापैकी बसली. दवाखान्याच्या आवारात एक ओळखीचा भेटला. त्याने आधी पोत्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. म्हणाला, "बाईले दाखवाले आला का धान इकाले?" धुरपता गाडीतच होती. तिने मान खाली घातली. मला इतकी लाज वाटली की परतल्यावर मी स्वतः पोती उतरवली आणि म्हणालो, "हे आता नाई जमत. पोते भरा, पोते उतरवा, अन् लोकायचं ऐका."

जानेवारीत मी नदीपलीकडे मशीन घेऊन होतो. एका दिवसासाठी घरी आलो. तिला नेण्याची तारीख दुसऱ्या दिवशी होती. मी म्हणालो, "सकाळी निघू."

ती चुलीपाशी बसली होती. "मले आता बरं हाय," ती म्हणाली. "दुखत नाई. गोळ्या तुमीच घेऊन या."

"डॉक्टर पाहीन म्हणते न."

"बरं हाय म्हणलं न मी. तुमची तिकडं मशीन थांबून हाय. लोक वाट पाहून राह्यले."

मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं असतं तर कळलं असतं. पण तिचं म्हणणं मला सोयीचं होतं. मी गोळ्या आणून दिल्या. डॉक्टर म्हणाले, "त्यांना पाहिल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही." मी हो म्हटलं आणि मशीनवर गेलो.

फेब्रुवारीत शीला सायकलने व्याहाडपर्यंत मला शोधत आली. आईचे पाय उचलत नाहीत, म्हणाली.

मी मशीन तिथेच शेतात सोडलं आणि जीप सरळ इसरूकडे नेली. त्याने लगेच जॅक लावला. दुपारपर्यंत चारही पाटे खाली काढून ठेवले. संध्याकाळच्या आत आम्ही धुरपताला घेऊन चंद्रपूरच्या रस्त्याला लागलो. तिचं डोकं ठमाबाईच्या मांडीवर होतं. मूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "मागं पोते टाकले का?"

"नाई. पाटे काढले."

"किती येळ लागला?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. "अर्धा दिवस," मी म्हणालो.

जंगलाचा रस्ता होता, खड्डे होते, आणि जीप त्यांवरून अशी चालली की मला माझीच गाडी ओळखू येईना. मग ती म्हणाली, "मंग आता मशीन कशी ओढान?"

मी समोरचा खड्डा चुकवला.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी दिसलं असतं तर काही करता आलं असतं. एप्रिलमध्ये ती गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, तेव्हा ठमाबाई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "वामन, तिले बरं कधीच नव्हतं. जीपीचं नाव काढलं का तिचे हात थंडे पडत. मी म्हणलं, चाल बाई, यस्टीनं जाऊ, मी येतो संगं, बसाले जागा मागू. तं म्हणे, त्यायनं नाई म्हणलं हाय."

मी मान खाली घालून ऐकलं. ठमाबाईने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या डिसेंबरात लोक पुन्हा मशीनसाठी आले. मशीन विकावं असं मनात होतं, पण मुलांची शिक्षणं आहेत. इसरू म्हणाला, "पाटे बसवून देऊ का परत?" मी नाही म्हटलं. पाटे न बसवताच मशीन जोडलं. जीप मागून खाली बसली. हूक रस्त्याला टेकेल की काय असं वाटलं. मी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चालवली. खड्डा आला की थांबलो, उतरून पाहिलं, पुन्हा चालवली. ओल्या बांधीतून काढताना चार माणसांनी मागून हात लावला.

आमच्या गावापासून व्याहाडपर्यंत आधी अर्धा तास लागायचा. त्या दिवशी एक तास लागला. सगळा सीझन मी तसंच मशीन ओढलं. काही तुटलं नाही.

तिने विचारलं होतं, मशीन कशी ओढान. हळू ओढीन, एवढंच तिला तेव्हा सांगायचं होतं.