चिरक्या आवाजाची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला किळस फार लवकर येते. घामट बोटांची येते. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बोलणाऱ्या माणसांची येते. माझ्या पाठीवर कुणीतरी चिकटवलेल्या आणि अर्धवटच निघालेल्या 'शुभेच्छुक'वाल्या स्टिकरची तर रोज येते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यावर नाव होतं, पण पहिल्या मालकाने ते घासून काढलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं. मी आतून पोकळ नाही. माझं अंग भरीव लाकडाचं आहे. तारांखाली लोहचुंबकं बसवलेली आहेत. तार हलली की ती तिची थरथर वायरीतून अॅम्प्लिफायरच्या पेटीकडे पाठवतात, आणि आवाज त्या पेटीतून येतो. म्हणजे पेटी जसं बोलायला लावील तसं मी बोलते. माझ्या साऱ्या दुःखाचं मूळ तिथेच आहे.

अकरा वर्षं मी अकोल्यातल्या एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात होते. तिथे एका पाहुण्याने माझ्या अंगावर गुलाबजामची प्लेट ठेवली. पाक बटणाच्या फटीत उतरला तो कायमचा. आजही ते बटण फिरवलं की खरखर करतं आणि मला शिसारी येते. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला आणि मी एका दुकानात खुंटीवर लटकले. तिथून मला रूपाने आणलं.

रूपा तेवीस वर्षांची. वाशीमजवळच्या मालेगावच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये कामाला जाते आणि गावात आपल्या मोठेबांच्या घराला लागून राहते. मोठेबा म्हणजे भिवाजी, तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा गाण्याचा संच आहे. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, वाशीमपासून मानोऱ्यापर्यंत त्यांना बोलावणी येतात. भिवाजी स्वतः गाणी रचतात आणि हार्मोनियम वाजवतात, त्यांची बायको पंचफुला गाते आणि मुलगा संघदीप कीबोर्ड वाजवतो. रूपा शाळेत होती तेव्हापासून मागच्या रांगेत कोरसमध्ये उभी राहून टाळ्या देत होती. तिला पुढे बसायचं होतं. स्वतःचं वाद्य मांडीवर घेऊन.

आल्या आल्या तिने माझ्यावर एक प्रयोग केला. तारांना गंज चढू नये म्हणून खोबरेल तेल लावलं, अगदी केसांना लावतात तसं चोळून. मित्रांनो, मला ओकारी येता येता राहिली. आठ दिवस माझ्या तारा ओल्या दोरीसारख्या थपथप वाजत होत्या. शेवटी तिने नव्या तारा घातल्या, त्यामुळे मी तिला माफ केलं.

संध्याकाळी घरी ती मला वाजवायची तेव्हा मात्र मी स्वतःवर खूश असायचे. पेटीला तीन बटणं होती, बेस, मिडल आणि ट्रेबल. रूपा बेस पूर्ण चढवायची, मिडल शून्यावर आणायची आणि वर पायाने दाबायच्या इफेक्टच्या डबीतून घुमारा सोडायची. अहाहा! एकटी वाजत असताना मी अशी गुबगुबीत, गोड लागायचे की शेजारचे लोक दारात येऊन उभे राहायचे.

पण संचात बसले की मी गायब. ढोलकी खालून दणदण करायची, ऑक्टोपॅड वरून तडतडायचा, आणि संघदीप दोन्ही हातांनी कीबोर्डवर असा पसरायचा की कुठे बोट घालायला फट उरायची नाही. रूपाने आवाज वाढवला की तोही वाढवायचा. त्याने वाढवला की ढोलकीवाला आणखी जोरात मारायचा. शेवटी सगळं मिळून नुसता रबरबाट. शिळ्या वरणात कालची भाजी आणि परवाचा भात कालवावा तसा. आणि त्या घाणीत मीही कुठेतरी होते, याची मला लाज वाटायची.

यात भर गोलूची. गोलू हा साउंडवाला. त्याची स्वतःची गाडी आहे, भोंगे आहेत, आणि सरक्या बटणांचा एक मोठा बोर्ड आहे. तो दर वेळी बोर्डावर बसला की प्रत्येक वाद्याच्या बटणांच्या पट्टीतली कडेची बटणं वर चढवायचा आणि मधली खाली ओढायचा. ओळीने पाहिलं तर हसऱ्या तोंडाचा आकार दिसायचा. डीजेच्या गाडीवर तो हेच शिकला होता आणि आकार छान दिसतो म्हणून त्यावर त्याचा जीव होता. पण मित्रांनो, माझा जीव त्या मधल्या बटणांतच आहे! तेच तो दाबायचा, तेही खर्रा चोळलेल्या बोटांनी. मग वर रूपाला सांगायचा, "ताई, तुमी टेन्शन नोका घेऊ. मी बेस टाकतो ना तिच्यात." मला वाटायचं, तार तोडून याच्या तोंडावर मारावी.

मार्चमध्ये शिरपूरला एक कार्यक्रम झाला. तो संपल्यावर भिवाजींनी सगळ्यांसमोर रूपाला विचारलं, "पोरी, तुही गिटार दिसते, पण आयकू काहून नाही येत?"

"मोठेबा, मी त पूर्ण आवाज ठेवला होता."

संघदीप लगेच म्हणाला, "बाबा, गिटारीचा आवाज माह्या कीबोर्डातबी हाये. हे बटन दाबलं का झालं."

आणि त्याने ते दाबलं. माझी नक्कल! प्लास्टिकच्या फुलाला अत्तर लावल्यासारखी. त्याहून किळसवाणी गोष्ट म्हणजे लोकांनी माना डोलावल्या.

भिवाजी वाईट माणूस नाहीत. पण संच त्यांनी हाडाची काडं करून उभा केला आहे, आणि नुसती शोभेची वस्तू त्यांना मंचावर चालत नाही. ते म्हणाले, "चौदा एप्रिलले मालेगावात आयकू आली त राह्यली. नाही त तू आपली कोरसमंदी बरी."

त्या दिवसापासून रूपाने मला दुप्पट जोरात वाजवायला सुरुवात केली. बेस आणखी, घुमारा आणखी. घरच्या भिंती थरथरायच्या. एका दुपारी पंचफुला दारात येऊन उभी राहिली. साठी उलटलेली, अंगाने काटकुळी, पांढरं लुगडं नेसलेली बाई. माइक नसायचे तेव्हापासून गाते. तिने थोडा वेळ ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"कायले एवढा गोड आवाज काढून राह्यली, पोरी?"

"गोड नको का, मोठीमाय?"

"वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारतानी कोणी गोड आवाज काढते का? नाकातून काढा लागते. चिरत गेला पाह्यजे. जवळ उभ्या असलेल्याले कानात खुपते, पण ज्याले आयकू जायाचं त्याले जाते." मग ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अन् मी गातो तवाच तू काहून वाजवतं? मी सास घेतो तवा वाजव. तितली जागा माही मोकळीच असते."

रूपाने माझ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे वळली. डबीची वायर काढून टाकली. बेस खाली आणला. मिडल, म्हणजे नाकातल्या आवाजाचं बटण, जे वर्षभर शून्यावर होतं, ते वर, आणखी वर.

मित्रांनो, मी वाजले आणि मला माझीच शिसारी आली. तो आवाज माझा होता? पत्र्याच्या डब्यावर खडा मारावा तसा! सारं मांसल अंग झडून नुसता हाडांचा सापळा उरल्यासारखं वाटलं. शेजारणीने खिडकी लावून घेतली. मी मनोमन रूपाला शिव्या दिल्या. ऑर्केस्ट्रात अकरा वर्षं काढली, पण इतकी बेअब्रू कधी झाली नव्हती. ती मात्र रोज दुकानातून आली की त्याच चिरक्या आवाजात वाजवायची. लांबलचक सुरावटी तिने सोडून दिल्या. चारच सूर घ्यायची आणि थांबायची.

चौदा एप्रिलला ऊन उतरायच्या आत आम्ही मालेगावला पोचलो. पटांगणात सतरंज्या पडल्या होत्या. गोलूने बोर्ड मांडला आणि पट्ट्यांवर आपली हसरी तोंडं काढायला बसला.

रूपा त्याच्याजवळ गेली. "दादा, माही पट्टी सरळ राहू द्या. मधले बटन खाली नोका ओढू."

"ताई, बोर्ड माहा हाये. बाकीचे आवाज दबतीन ना मंग."

रूपा हटली नाही. तेवढ्यात मागून पंचफुला आली. ती गोलूला म्हणाली, "तिची सरळ कर. अन् दबाची भीती वाटत असंल त माह्या माइकचा आवाज कमी कर."

मुख्य गाणारीने स्वतःचा आवाज कमी करायला सांगितलेलं गोलूने आजवर ऐकलं नव्हतं. त्याने माझी मधली बटणं वर सरकवली आणि तिच्या माइकचा आवाज थोडा उतरवला.

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या पाच गाण्यांत मी मोजकंच बोलले. पंचफुला श्वास घ्यायची तिथे चार सूर आणि गप्प. मला तो आवाज अजूनही घाणेरडाच वाटत होता. पण पुढे बसलेल्या बायका मान वर करून रूपाकडे पाहायच्या, हे मी पाहिलं.

सहावं गाणं भिवाजींनी नवीन रचलेलं होतं, आईने मुलीच्या हातात पहिल्यांदा पाटी दिली त्याचं. त्यातल्या सर्वांत उंच ओळीवर पंचफुला चढली आणि तिचा श्वास तुटला. एकदम तुटला. तोंड उघडं, पण आवाज नाही. घाबरून संघदीपने दोन्ही हात कीबोर्डवर दाबले, ढोलकीवाल्याने जोर वाढवला, आणि पुन्हा तोच रबरबाट उसळला. ओळ त्यात बुडत होती.

रूपाने ती ओळ माझ्यावर घेतली. एक एक सूर, जसाच्या तसा, काही सजवलं नाही. मी चिरत निघाले, ढोलकीतून, कीबोर्डातून, शेवटच्या रांगेतल्या मोटारसायकलींपर्यंत. आधी एका बाईने ती ओळ उचलली. मग सतरंजीवरच्या साऱ्यांनी. पंचफुला पाणी प्यायली, छातीवर हात ठेवून तिने दम घेतला आणि पुढच्या कडव्याला परत उभी राहिली. गाणं कुठेच पडलं नाही.

खाली उतरल्यावर भिवाजींनी संघदीपच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "तू पुढच्या टायमाले एका हातानं वाजव. पोरीले जागा पाह्यजे." रूपा मला छातीशी धरून रडली. तिचे अश्रू माझ्या अंगावर पडले आणि पहिल्यांदाच मला कुठल्या ओलाव्याची किळस आली नाही.

गोलू मात्र केबल गुंडाळता गुंडाळता सगळ्यांना सांगत होता, "पाह्यलं? म्या बेस टाकला म्हून आयकू आली." याला काय म्हणावं?

मित्रांनो, ज्याचा आवाज कुठे ऐकू येत नाही त्याला 'जोरात बोल' म्हणणारे पुष्कळ भेटतात. आधी आपला आवाज थोडा कमी करून पाहा. आमची पंचफुला मुख्य गाणारी असूनही तिने तो कमी केला, म्हणून तिचं गाणं वाचलं. आणि माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरी असेल तर वाजवून झाल्यावर तिच्या तारा कोरड्या फडक्याने पुसत जा. तेल लावू नका.