डावखुरा हिरो

कॉलेजात माझी ख्याती शाळेबद्दल बोलणारा म्हणून आहे. ही काही चांगली ख्याती नव्हे. मेसमध्ये कुणी वांग्याच्या भाजीला नावं ठेवली की मी "आमच्या शाळेत..." अशी सुरुवात करतो आणि समोरचा आपलं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातो. या वयात माणसानं इतकं मागं वळून बघू नये, असं माझा रूम पार्टनर म्हणतो. तो पुण्याचा आहे. त्याच्या शाळेला लिफ्ट होती. लिफ्टवाल्यांना शाळेची आठवण कशी येणार?

माझी शाळा पाथर्डी तालुक्यात. आता मी नगरला शिकतो. कागदोपत्री त्याचं अहिल्यानगर झालं असलं तरी एसटीचा कंडक्टर अजून "चला नगर, नगर" असंच ओरडतो, आणि मला ते ऐकून बरं वाटतं. जुनं काहीही ऐकलं की मला बरं वाटतं. हा आजार आहे, हे मला मान्य आहे.

या आजाराचं मूळ म्हणजे आमच्या शाळेतला सिनेमा. दर जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अख्ख्या शाळेला सिनेमा दाखवायचे. दर वर्षी तोच. शाळेकडे सीडीच एक होती. धरणाचं पाणी अडवून बसलेला एक दुष्ट इनामदार, आणि गोफण चालवणारा एक मेंढपाळ पोरगा. शेवटी तो बांधावर उभा राहून गोफण फिरवतो आणि एका दगडात इनामदाराची पगडी उडवतो. बस. एवढ्यावर आम्ही वर्षभर जगायचो.

सिनेमा दाखवायचे चित्रकलेचे हेमचंद्र सर. प्रोजेक्टरचं टेबल बुटकं, म्हणून ते त्याच्याखाली विटा आणि विटांवर जुने नकाशे ठेवायचे. त्यामुळं चित्र वर रुंद आणि खाली निमुळतं यायचं. नायिकेचं डोकं परातीएवढं आणि पाय चिमणीचे. मधल्या गाण्यात सीडी हमखास अडकायची. सर ती काढून शर्टाला पुसायचे, फुंकर मारायचे आणि पुढं ढकलायचे. गाण्याच्या आधी धडधाकट असलेली हिरोची आत्या गाण्यानंतर कधीच दिसायची नाही. ती मेली, पळून गेली की माहेरपणाला गेली, यावर आमच्या वर्गात मारामाऱ्या झाल्या आहेत.

आणि सगळ्यात मोठी चूक अशी, की चित्र उलटं यायचं. डोकं खाली पाय वर असं नव्हे, तर आरशात दिसतं तसं. सुरुवातीची नावं वाचताच यायची नाहीत. गहिनीनाथ नावाचा माझा मित्र छातीठोकपणे सांगायचा, की हा मूळ मद्रासी सिनेमा आहे. आम्ही ते बिनतक्रार मानलं होतं.

याचं कारण मला पुढं सरांकडूनच कळलं. प्रोजेक्टर एका देणगीदार पाहुण्यांनी दिला होता. उद्घाटनाच्या दिवशी दुकानातल्या माणसानं तो पडद्यामागं ठेवला, म्हणून चित्र फिरवून घेतलं. मग पाहुण्यांचा शाल, श्रीफळ, टॉवेल, टोपी असा रीतसर सत्कार झाला. टेबलावर जे जे होतं ते सगळं कुणीतरी भक्तिभावानं टॉवेलात बांधून पाहुण्यांच्या गाडीत ठेवलं. त्यात प्रोजेक्टरचा रिमोटही गेला. पुढच्या वर्षी प्रोजेक्टर पडद्यासमोर आला, पण फिरवलेलं चित्र परत फिरवायला रिमोट नव्हता. ज्यानं प्रोजेक्टर दिला त्याच्याकडंच 'आमचा रिमोट द्या' म्हणून मागायचा कसा? बरं दिसत नाही. बरं दिसत नाही म्हणून आमच्या पिढ्यान्‌पिढ्या उलट्या सिनेमावर वाढल्या.

आता आरतीची गोष्ट. ती आमच्या वर्गात होती, ऊसतोड कामगाराची मुलगी. ती डावखुरी होती आणि आमच्या विजयाबाईंना डावा हात चालायचा नाही. आरतीनं डाव्या हातात पेन धरलं की बाई पट्टीनं तिची बोटं हलकेच ठोकायच्या आणि पेन उजव्या हातात द्यायच्या. बाई दुष्ट नव्हत्या. पोरीचं पुढं अडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आरतीचं उजव्या हाताचं अक्षर मात्र कोंबडीचे पाय शाईत बुडवल्यासारखं यायचं.

सहावीत, पावसाळ्यातल्या एका दिवशी, बाईंनी पट्टी उचलली तेव्हा आरती उभी राहून म्हणाली, "बाई, शिनेमातला हिरो बी डावखुरा हाय. गोफन डाव्या हातानं मारतो. त्याला कोन न्हाई मारत."

बाई थांबल्या. त्यांनी वर्गाकडं पाहिलं. आम्ही सगळ्यांनी एका सुरात "व्हय बाई, डावाच!" असं ओरडून साक्ष दिली. बाईंनाही तो सिनेमा पाठ होता. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली, आणि त्यानंतर आरतीच्या डाव्या हाताला कुणी हात लावला नाही.

पुढं आरतीनं त्याच हातात भाला घेतला. ती आता पुण्याला शिकते, तिनं राज्यात पदक मिळवलंय. गेल्या महिन्यात तिची मुलाखत छापून आली. त्यात तिनं म्हटलं होतं, की शाळेतल्या सिनेमातला डावखुरा हिरो नसता तर मी आज उजव्या हातानं वाईट अक्षर काढत बसले असते.

मी ते कात्रण मेसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. वर माझी भरही घातली. आरती सिनेमाला माझ्याच शेजारी बसायची, गोफण सुटली की हॉलमध्ये सगळ्यात जोरात टाळ्या तिच्याच असायच्या, वगैरे. मला ते अगदी डोळ्यांसमोर दिसत होतं.

आणि त्याच आठवड्यात माझ्यावर डोंगर कोसळला. आमच्या कॉलेजात फिल्म क्लब आहे, आणि प्रोजेक्टर माझ्याकडं असतो. मला त्या सिनेमाची स्वच्छ प्रत सापडली आणि मी हौसेनं लावली. नावं चक्क वाचता आली. आत्या गाण्यानंतर मुंबईला गेली होती. शेवटी मेंढपाळ बांधावर उभा राहिला आणि त्यानं गोफण फिरवली. उजव्या हातानं.

प्रत चुकीची आहे असं वाटून मी मागं जाऊन पाहिलं. अक्षरं सुलटी होती. अक्षरं उलटी यायची हे तर आम्हाला मोठेपणी समजलंच होतं, पण अक्षरं उलटी म्हणजे माणसंही उलटी, हा विचार गावातल्या एकाही शहाण्यानं केला नव्हता. मी त्यात पहिला.

मी हेमचंद्र सरांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"चित्र उलटंय हे दुसऱ्याच वर्षी कळलं रे. पण पोरं खूश होती."

"आणि आरती? ती तर हिरोचा हात बघून..."

सरांनी विषयच बदलला. मग म्हणाले, "अवधूत, मेमध्ये शाळेत तिचा सत्कार आहे. माजी विद्यार्थी जमणारेत. सिनेमाही ठेवलाय. तूच दाखवायचास."

त्याच संध्याकाळी आरतीचाही फोन आला. "अवध्या, मी सत्काराला न्हाई येत. मी शिनेमाला येतीय. फसवू नको."

ज्या हातावर तिनं आयुष्य उभं केलं, तो हात तिच्या सत्काराच्या दिवशी अख्ख्या गावासमोर खोटा ठरणार होता, आणि खोटा ठरवणारा मी. मी ठरवलं, की काहीही झालं तरी सिनेमा उलटाच दाखवायचा. जी चूक आमच्या शाळेत एका टॉवेलामुळं आपोआप घडली, ती मुद्दाम करायला मी शाळेनं घेतलेल्या नव्या प्रोजेक्टरचं माहितीपुस्तक पाठ केलं. इतका अभ्यास मी परीक्षेसाठी केला असता तर घरचे धन्य झाले असते.

सत्कार दुपारी होता. खिडक्यांना त्याच सतरंज्या, फक्त जास्त फाटलेल्या. हेमचंद्र सरांनी या वेळी रिमोट सुतळीनं टेबलाला बांधला होता आणि सत्काराच्या शालीवर नजर ठेवून उभे होते. विजयाबाई पहिल्या रांगेत. गहिनीनाथ टेम्पो घेऊन आला होता आणि त्यानं येताना निम्मा वर्ग उचलून आणला होता. मी हॉलकडं बघितलं. सगळं तसंच होतं, सगळे होते.

मग आरती बोलायला उभी राहिली. शाल खांद्यावर, नारळ डाव्या हातात.

"सगळे म्हनतात, शिनेमानं मला घडवलं," ती म्हणाली. "खरंय. पन मी तो कधी बघितलेला न्हाई. दसरा झाला की आमी कारखान्यावर जायचो ऊस तोडायला, ते उन्हाळ्यातच परत. शिनेमा असायचा जानेवारीत. मी परत आले की अवधूत मला बोअरपाशी सगळा करून दाखवायचा, गोफनीऐवजी माझी ओढनी घेऊन. डाव्या हातानं. म्हनून मला म्हाईत. आज पैल्यांदा बघनार हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसून जोरात टाळ्या वाजवणारी जी आरती मी इतकी वर्षं जपून ठेवली होती, ती तिथं कधी नव्हतीच. ती त्या दुपारी कुठंतरी उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. आम्ही "सगळी शाळा" म्हणायचो, तेव्हा त्यात अर्धा वर्ग नसायचा. मला हे माहीत नव्हतं असं नाही. रिकामी बाकं मी रोज पाहत होतो. आठवणीत मात्र मी ती परस्पर भरून टाकली होती.

सिनेमा सुरू झाला. उलटी नावं आली आणि हॉलमध्ये शिट्ट्यांचा पाऊस पडला. गहिनीनाथ ओरडला, "आला रं आपला मद्रासी!" आरती उठून माझ्या टेबलापाशी येऊन बसली. शेजारी. खरोखर शेजारी.

"अवध्या, अक्षरं उलटी हायेत."

"तसाच होता आपला सिनेमा."

"तुमचा आसल. मी पैल्यांदा बघतीय. मला नीट बघू दे की."

मी सुतळीला हिसका देऊन रिमोट ओढला आणि चित्र फिरवलं. तिनं मांडी घातली आणि हनुवटीखाली हात घेऊन ती बघू लागली. आत्या मुंबईला निघाली तेव्हा ती हळहळली. गाण्यात हसली. मी सिनेमाकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघत होतो, आणि शेवट येऊच नये असं मला वाटत होतं.

मेंढपाळ बांधावर उभा राहिला. त्यानं उजव्या हातानं गोफण उचलली.

हॉल खवळला. "ए, हात चुकला!" "उलटा लावलाय!" "अवध्या, झोपला का रं?" गहिनीनाथ बाकावर उभा राहिला. पहिल्या रांगेतून विजयाबाईंचा खणखणीत आवाज आला, "अवधूत, डावा हात! डावा हात होता तो!" हेमचंद्र सरांनी घाबरून सिनेमा थांबवला. मेंढपाळ उजवा हात वर करून पडद्यावर तसाच अडकला.

आरती त्या हाताकडं बघत होती.

"उजवा हाय की रं," ती हळूच म्हणाली. "म्हंजी बाईंना मी खोटंच सांगितलं."

"मी सांगितलं खोटं. तू नाही."

ती हसली. मग आरडाओरडा करणाऱ्या हॉलकडं तिनं एकदा नीट पाहिलं. "फिरव," ती म्हणाली. "त्यांचा हाय तसा दाखव त्यांना."

"आणि तुझा?"

"माझं काय, मी मोबाईलवर बघीन कधीतरी."

मी नाही म्हणायला हवं होतं. हॉल गेला उडत, आज सिनेमा हिचा, असं म्हणायला हवं होतं. पण सगळी शाळा ओरडत होती, आणि मला शाळा फार आवडते. मी बटण दाबलं. मेंढपाळाचा हात या बाजूचा त्या बाजूला गेला. सरांनी सिनेमा पुढं सोडला, डाव्या हातातून दगड सुटला आणि इनामदाराची पगडी उडाली.

हॉल डोक्यावर घेतला सगळ्यांनी. विजयाबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आणि माझ्या शेजारी आरती टाळ्या वाजवत होती, हॉलमध्ये सगळ्यात जोरात.

मेसमध्ये मी जे भर घालून सांगितलं होतं, ते शेवटी अक्षरशः खरं झालं. दुसऱ्या दिवशी रूम पार्टनरनं आपण होऊन विचारलं, कसा झाला शाळेतला कार्यक्रम? मी म्हटलं, बरा झाला, आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो.