साथीला सर

लॅबवाल्या मावशींना किळस कशाचीच येत नसे. नोकरी संपेपर्यंत इस्पितळाच्या तळघरात त्यांनी लोकांचं रक्त, थुंकी आणि माणूस अंगातून जे जे बाहेर टाकतो ते सगळं काचेच्या पट्टीवर पसरून पाहिलं, आणि दाराबाहेर बाकावर बसून निवांत डबा खाल्ला. नवख्या पोरींनी नाक मुरडलं की म्हणायच्या, "माणसं वरवर खोटं बोलतात गं. हे बोलत नाही."

आज स्वतःच्याच तळहाताकडे बघून त्यांना शिसारी आली.

घाम. गार, चिकट, आंबूस. व्हायोलिनच्या मानेवर त्याचा थर बसलेला. तोंडाला मात्र कोरड. पाणी हवं तिथे टिपूस नाही आणि नको तिथे पूर.

धाकटी बहीण विंगेत डोकावली. "समोर बटाटे बसलेत असं समज."

"बटाटे टाळ्या वाजवतात का गं?"

"गेल्या वर्षी वाजवल्या की! अख्खं सभागृह वाजवत होतं. उगाच रडगाणं लावू नकोस." आणि ती आपली खुर्ची धरायला पळाली.

गेल्या वर्षी.

त्या टाळ्यांवर मावशींनी वर्ष काढलं होतं. हात तेव्हाही लटलट कापला होता, तरी बाहेर म्हणे सूर गोड गेला. म्हणजे भीती आतल्या आत राहते, बाहेर जातं ते फक्त गाणं. इतकी साधी समजूत काढून त्या आज पुन्हा इथे उभ्या होत्या. ती समजूत खरी असेल तर आजही निभावेल. नसेल तर

पुढचा विचार त्या करत नसत.

स्टेजवर घड्याळवाले काका वाजवत होते. व्हायोलिन क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाची रीत अशी की ज्येष्ठांपैकी कुणी बसलं की शेजारच्या खुर्चीवर सर साथीला. तीच धून, हलक्या हाताने. धीर यावा म्हणून.

धुनेच्या मध्यावर काकांचा गज घसरला. ते थांबले. अडखळले नाहीत, चक्क थांबले. गज हवेत, तोंड उघडं.

आणि स्पीकरमधून धून चालूच राहिली. कुठेही न तुटता, लोण्यासारखी.

काकांनी पुढे कुठेतरी तिला गाठलं. टाळ्या पडल्या.

विंगेतल्या टेबलाशी ध्वनिवाला बिस्किट खात बसला होता. मावशी त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"काकांचा माइक बिघडलाय का?"

"बिघडेल कशाला? बंद ठेवतोच आपण. ज्येष्ठांचे सगळे बंद. ऐकू जातात ते सर." दाढीत चुरा सांडला.

"माझा? गेल्या वर्षी?"

"मावशी, तुमचा तर सगळ्यांच्या आधी बंद केला होता."

तो हसला. त्यात वाईट काही नव्हतं, हेच वाईट होतं. मावशींच्या घशाशी आंबट आलं. वर्षभर त्या टाळ्या चघळत होत्या, आणि घास दुसऱ्याच्या तोंडातला. उष्टा.

अत्तराचा भपकारा आला. मागोमाग सर आले. "चला मावशी, आपला नंबर."

"माझा माइक चालू ठेवायला सांगा. आणि तुम्ही येऊ नका."

सरांनी ध्वनिवाल्याकडे एकदा पाहिलं आणि काय ते ओळखलं. "अहो, तुमच्याच भल्यासाठी आहे ते. हात कापतो तुमचा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे ना सर?"

"हसं होईल."

"होऊ दे." बोलताना आवाजही कापला. त्याचीही त्यांना किळस आली.

शेजारची खुर्ची रिकामी. त्या एकट्याच

बसल्या. गज तारेवर ठेवला. तो ठरेना, टुणटुण उडायला

लागला. आवाज निघाला तो गंजल्या बिजागरीचा. सभागृहभर. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं, मग कुणीतरी

हसलं. मावशी थांबल्या. सगळ्यांदेखत तळहात कपड्याला खसाखसा पुसला. पुन्हा

पहिल्यापासून. पुन्हा बिजागरी. मधल्या तुकड्यात बोट घसरलं, सूर वर गेला, तिथेच राहिला, वाकडा. त्यांनी दात आवळले आणि गज ओढला, ओढला, ओढला, जसं तुंबलेलं काही उपसावं तसं, आणि

संपलं.

टाळ्या विरळ होत्या. आणि त्या उरकून घेतल्यासारख्या.

बाहेर बोळात काका भेटले. मावशींना त्यांची कणव आली. बिचाऱ्याला ठाऊकच नाही. सांगावं म्हणून त्या जवळ गेल्या.

"काका, तुमचा माइक..."

"बंद असतो. माहितीये की." काका पेढे वाटायला निघाल्यासारखे प्रसन्न. "म्हणून तर मी बिनघोर बसतो. सर आहेत ना! तुम्हाला ठाऊक नव्हतं? कमाल आहे. सगळ्यांना असतं." मग आवाज खाली आणून, "पुढच्या वर्षी असला वेडेपणा करू नका. बघवेना."

मावशींनी आयुष्यात खूप काही पाहिलं होतं. काकांच्या समाधानी चेहऱ्याकडे मात्र त्यांना बघवलं नाही.

धाकटी आली. "काय गं हे? गेल्या वर्षी किती गोड वाजवलं होतंस!"

"गेल्या वर्षी सर वाजवत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं असंच वाजतं."

धाकटीने तिचा दंड धरला. "चल, घरी जाऊ."

"थांब जरा. मधला तुकडा फसला."

मावशींनी तिथेच बोळात, भिंतीला टेकून, पेटीतून व्हायोलिन काढलं आणि खांद्याला लावलं. सभागृहातून लोक बाहेर पडत होते, कानांवर हात ठेवल्यासारखं तोंड करून. हात अजून कापत होता. आवाज अजून घाणच निघत होता. त्यांनी तोंड वाकडं केलं, बोट जरा मागे घेतलं आणि तोच तुकडा पुन्हा धरला.