वयाची अट

“मॅडम, तुमच्या या संशोधनाला वयाची अट असते का? म्हणजे, आमच्या विज्ञानाच्या बाईंच्या वयाचं कुणी आलं, तर घेता का तुम्ही?”

प्रश्न विचारून भोंगा खाली बसली नाही. कमरेवर हात ठेवून, हनुवटी वर करून उभीच राहिली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीने, चिमणीने, तोंडात रुमाल कोंबला. पैज तिचीच होती. ‘हिंमत असेल तर हे विचारून दाखव,’ ती कानात कुजबुजली होती, आणि वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून भोंग्याची हिंमत नुसती उतू जात होती. हजेरीला ‘हजर’ म्हणताना जिचा आवाज घशात अडकायचा, तिला आता सगळी शाळा भोंगा म्हणत होती. तिला ते नाव एखाद्या पदवीसारखं वाटे.

खरी गंमत वेगळीच होती. विज्ञानाच्या बाई म्हणजे भोंग्याची आई.

फाटकाच्या आत बाई, फाटकाबाहेर आई, हा नियम बाईंनीच घालून दिला होता. शाळेत घर काढायचं नाही, घरात शाळा काढायची नाही. दोघी तो इतक्या कसोशीने पाळत की एकदा गृहपाठ विसरला म्हणून बाईंनी भोंग्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि संध्याकाळी आईने तिला जवळ घेऊन विचारलं होतं, “आज एवढी गप्प का गं? कुणी काही बोललं का?”

व्यासपीठावरच्या पाहुण्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेतून आल्या होत्या. मुलींनी त्यांचं ‘समुद्रवाल्या मॅडम’ असं बारसं करूनही टाकलं होतं. पडद्यावर त्यांनी जहाज दाखवलं, तळातून चिखल उपसणारी लांबलचक नळी दाखवली. डॉक्टरेटच्या नव्या जागा निघाल्यात, फी नाही, उलट दरमहा शिष्यवृत्ती, आणि जहाजाचा खर्चही संस्थेचाच, असं त्यांनी सांगितलं तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं होतं, “म्हणजे समुद्र बघायचा पगार? अरे वा!”

भोंग्याच्या प्रश्नावर मात्र त्या हसल्या नाहीत.

“वयाची अट नाही,” त्या म्हणाल्या. “विषयातलं पदव्युत्तर शिक्षण हवं. आणि एक प्रश्न हवा, वर्षानुवर्षं पिच्छा न सोडणारा. तुमच्या बाईंकडे आहे असा?”

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. बाई तिथे उभ्या होत्या. आता डोळे वटारणार, भोंग्याने मनाशी म्हटलं. बाईंचे कान लालबुंद झाले होते.

“आहे,” त्या म्हणाल्या.

*

पुढचा तास बाईंचाच होता आणि बाई आल्याच नाहीत. असं कधी झालं नव्हतं. बोलवायला अर्थातच भोंग्याला पिटाळण्यात आलं.

जिन्याच्या वळणावर बाई आणि समुद्रवाल्या मॅडम उभ्या होत्या. बाई हातवारे करत बोलत होत्या. वर्गात त्यांचा हात खडूपुरताच हलायचा. इथे दोन्ही हात हवेत गोल गोल फिरत होते.

“इवलेसे शंख, साखरेच्या कणाहून लहान. दिसायला सारखेच. पण थंड पाण्यातले डावीकडे वळतात आणि उबदार पाण्यातले उजवीकडे. का? एवढंच विचारायचं होतं मला, एम.एस्सी. झाल्यावर. मग लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी लागली...”

“आणि प्रश्न?”

“तो कुठे जातोय!”

मॅडम हसल्या. त्यांनी झोळीतून एक छोटी बाटली काढून बाईंच्या हातात दिली. तळाशी राखाडी, कोरडी भुकटी होती. “तळाचा गाळ आहे. धुऊन वाळवलेला. बघा घरी. मुलाखतीला तुमचं नाव घालू का, ते मात्र उद्या सकाळपर्यंत सांगा. यादी उद्याच जाते.”

भोंगा दोन पायऱ्या मागे सरकली आणि मुद्दाम पाय आपटत पुन्हा वर आली.

“बाई, वर्ग वाट बघतोय.”

“अगं बाई! तास!” बाई दचकल्या आणि शाळकरी मुलीसारख्या दोन-दोन पायऱ्या उतरत धावल्या.

*

“नाही म्हणून कळवते,” रात्री आई म्हणाली. जेवणं झाली होती, बाबा भांडी घासायला उठले होते. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर काचा घासणारा माणूस रात्री भांडी घासायला कंटाळत नाही, असं ते स्वतःच सांगत.

“अगं, पण मुलाखत तरी दे.”

“देऊन काय करू? संस्था इथे आहे का? सोमवारी जायचं, शुक्रवारी यायचं. मधेच महिनाभर जहाजावर. आणि हिचं पुढचं वर्ष शाळेचं शेवटचं. हिला विज्ञान कोण शिकवणार?”

बाबा मोरीकडे वळले. भोंग्याला हायसं वाटलं. सोमवार ते शुक्रवार घरात आई नाही ही कल्पनाच तिला धड करता येत नव्हती. मग असं हायसं वाटलं याचीच लाज वाटली, आणि ती उगाचच पुस्तक उघडून बसली.

“हे पातेलं बघ,” बाबा मोरीतून म्हणाले. “कालपासून करपलेलं बसलं होतं. असं चकाचक निघालंय! ही नवी पावडर कुठली आणलीस गं?”

“कुठली पावडर?”

“ही काय, इथे कट्ट्यावर होती. छोट्या बाटलीतली.”

आई उठली. बाबांच्या हातातून तिने रिकामी बाटली घेतली, उजेडात धरली, उलटी केली. मग मोरीशी उकिडवी बसली आणि जाळीत अडकलेला राखाडी थर ओल्या बोटाच्या टोकाने टिपू लागली. कण-कण.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“बाबा,” भोंगा हळूच म्हणाली, “तुम्ही समुद्राच्या तळाने पातेलं घासलंत.”

एरवी या वाक्यावर घर गडगडून हसलं असतं. बाबांनी जीभ चावली. आईचे खांदे हलत होते, आणि ते हसण्याने हलत नव्हते.

चुकून सांडलेल्या चिमूटभर गाळासाठी कुणी असं रडतं? आजीच्या आजारपणात न रडलेली, भोंगा झाडावरून पडली तेव्हा न रडलेली आई! भोंगा तिच्या शेजारी मोरीत बसली आणि तीही बोट ओलं करून कण टिपू लागली. बाबा साबणाचे हात तसेच पुसून दुकानाच्या पेटीकडे धावले. काच तपासायचं भिंग घेऊन आले. एका बशीत तिघांनी मिळून जे काही जमवलं, ते म्हणजे अर्धी चिमूट. तीही निम्मी बाबांनी घासून पीठ केलेली.

आईने भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बशी फिरवत राहिली.

“सापडला,” ती श्वास रोखून म्हणाली. “एक आख्खा आहे. ये, बघ.”

भोंग्याने वाकून पाहिलं. आधी नुसती धूळ. मग त्या धुळीत एक गुबगुबीत, पांढरा शंख, जणू फुगे एकमेकांना चिकटवलेत.

“केवढासा आहे गं!”

“या सगळ्या त्याच्या खोल्या. आतला जीव मोठा होत गेला की पुढे नवी बांधतो, आधीच्या खोलीपेक्षा मोठी. जुनी पाडत नाही.”

“आणि हा कुठे वळलाय?”

“तूच सांग.”

“डावीकडे. म्हणजे थंड पाण्यातला! बरोबर?”

आईने तिच्याकडे पाहिलं. डोळे अजून ओले होते, पण त्यात जे काही होतं ते भोंग्याने आधी एकदाच पाहिलं होतं, आजच, जिन्याच्या वळणावर. वर्गात कधी नाही. घरात तर नाहीच.

भोंगा मागे सरकून बसली. तिने भिंग बाबांच्या हातात दिलं. आणि मग स्वयंपाकघरात, मोरीच्या काठावर, तिने हात वर केला. कोपर सरळ, बोटं जुळवलेली.

“हं, विचार,” आई सवयीने म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर चपापली.

“बाई,” भोंगा म्हणाली, “तुम्हाला जायचंय का?”

नियम मोडला होता. घरात शाळा आली होती. बाबांनी भिंग डोळ्यापासून काढलं, पण नजर वर केली नाही.

बाईंनी बशीकडे पाहिलं. मग त्यांनी मान हलवली. होय म्हणून.

भोंगा उठली. फ्रॉकला लागलेलं पाणी झटकलं, घसा खाकरला. बक्षिसाच्या दिवशी व्यासपीठावर उभी राहिली होती, तशी दाराच्या चौकटीत उभी राहिली.

“आई, बाबा, दोघंही नीट ऐका,” ती म्हणाली. “माझं ठरलंय. पुढच्या वर्षी मला विज्ञानाला दुसऱ्या बाई हव्यात.”