काचेआडची आई

मित्रांनो, तुम्ही मला ढोल म्हणाल आणि त्यात काही चूक नाही. पण माझ्या माणसांत माझं नाव इया आहे. इया म्हणजे आई. आम्ही तिघं एकत्र असतो. थोरली मी, मग मधला आणि सगळ्यात लहान तो धाकटा. आम्हाला दोन तोंडं असतात, एक मोठं आणि एक लहान. धाकटा एकच बोल धरून बसतो, मधला त्याला उत्तर देतो आणि मी सांगते. माझं ऐकून देव येतात. ही फुशारकी नाही, माझं कामच ते.

क्युबा बेटावर मातान्सास शहराजवळच्या एका ऊसमळ्यावर मी घडले. मला घडवणाऱ्याचं खरं नाव आयानतोला. मळेवाल्यांनी त्याचं नाव त्रान्किलिनो ठेवलं. त्याचा अर्थ शांत माणूस, आणि शांत तर तो मुळीच नव्हता. योरुबा मुलखातून त्याला जहाजाच्या तळाशी साखळीने बांधून आणलं, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्या तळाशी माणसालाच पाय पसरायला जागा नव्हती, ढोलाला कुठून असणार? त्याने आणले ते फक्त बोल, बोटांत साठवून. उसाच्या पात्यांनी ती बोटं कापली, रसाच्या काहिलीवर ती भाजली, पण बोल गेले नाहीत.

गुलामी उठली, तेव्हा त्याचे केस पिकले होते. मग त्याने लाल, सुवासिक लाकडाचं एक खोड पोखरलं, आतून निखाऱ्याने भाजलं आणि बोकडाच्या कातड्याने मढवलं. मढवण्याआधी त्याने माझ्या पोटात काहीतरी ठेवलं. ते काय, हे मी सांगणार नाही. ते सांगायचं नसतं. त्याला आन्या म्हणतात, ढोलात राहणारा देव.

तरीही मी अजून लाकूडच होते. आमच्यात ढोल नुसता घडत नाही, तो जन्मावा लागतो. आधीचा, बोलका ढोल नव्यासमोर वाजतो. नवा ऐकतो, त्याच्यामागून बोलायला बघतो आणि मग एकदम त्याला वाचा फुटते. शेजारच्या मळ्यावरच्या तीन म्हाताऱ्या ढोलांनी मला आणि माझ्याबरोबर घडलेल्या दोघांना अशी वाचा दिली. त्या दिवशी त्रान्किलिनो हुंदके देऊन रडला, असं त्याची मुलगी सेकुंदिना सांगायची.

पुढे आम्ही सेकुंदिनाच्याच घरी राहिलो, सान हुआन नदीच्या काठी. ती देवांची पुजारीण होती. नुसत्या नजरेने अंगण गप्प करायची. मला वाजवायचा गुमेर्सिंदो. धक्क्यावर साखरेची पोती वाहून त्याचे खांदे बैलासारखे झाले होते. तो खुर्चीत बसायचा, मला मांडीवर आडवी घ्यायचा आणि दोरीने गुडघ्यांना बांधायचा.

"गुमेर्सिंदो, देवाला बोलावतोयस की पोती आपटतोयस?" सेकुंदिना विचारायची.

"माय, तुमचा देव झोपलाय. हाक मोठी लागते."

"माझा देव झोपलेला नाही. तू काल प्यायलास ते त्याला आवडलेलं नाही."

सगळे हसायचे. मग मी बोलायला लागले की हसू आपोआप विरायचं. वाटा उघडणाऱ्या एलेग्वाला आधी नमस्कार, मग विजेचा शांगो, मग समुद्राची येमाया. कोणाच्या खांद्यात थरथर सुरू व्हायची, कोणी डोळे मिटायचं. ज्यांच्या आजोबापणजोबांची नावं मळेवाल्यांनी पुसली होती, ती माणसं माझ्या आवाजात ती नावं ऐकायची. मला वाटायचं, आता असंच चालणार.

तेव्हाच गावात एका भट्टीवाल्याची लहान मुलगी हरवली. वर्तमानपत्रांनी लिहिलं की काळ्या लोकांनी तिला बळी द्यायला नेलं. येमायाच्या सणाच्या दुपारी शिपाई अंगणात शिरले. माणसं भिंतीवरून उड्या टाकून पळाली. गुमेर्सिंदोला पळता आलं नाही, कारण मी त्याच्या गुडघ्यांना बांधलेली होते. त्याने गाठ सोडायला हात घातला आणि मग काढून घेतला. गाठ सुटली असती तर मी जमिनीवर पडले असते, आणि आम्ही जमिनीला टेकायचं नसतं. म्हणून तो तसाच बसून राहिला आणि त्याने मार खाल्ला.

मुलगी दुसऱ्या गावी मावशीकडे होती. ती धडधाकट परत आली. आम्ही आलो नाही.

चौकीच्या अंगणात त्यांनी मधल्याला आणि धाकट्याला जाळलं. मला वाचवलं ते माझ्या कमरेवरच्या नक्षीने आणि घुंगरांनी. कोणीतरी म्हणालं, "हा दिसायला बरा आहे, ठेवा." मी एका कोठडीत राहिले, जप्त केलेल्या सुऱ्या आणि कोंबड्यांचे पिंजरे यांच्यात. एका शिपायाने मला स्टूल केलं. पुढे शहरात संग्रहालय निघालं आणि मला काचेच्या कपाटात उभी केली. खाली चिठ्ठी लावली: 'जादूटोण्याचं वाद्य'.

मित्रांनो, काचेआड राहणं म्हणजे काय, ते बाहेरून कळत नाही. काच दिसत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की मी मोकळीच आहे. पण आत वारा नाही. पावसाळ्यात माझं कातडं ओलसर होऊन सैल पडायचं, उन्हाळ्यात तडतडायचं. लाकडात किडा शिरला आणि मी त्याचं कुरतडणं ऐकत बसले. दुसरं ऐकण्यासारखं काही नव्हतं. माझ्या पोटात आन्या होता. मी काचेत कोंडलेली आणि तो माझ्यात. त्याने बोलायला बघितलं की कातडं उगाच थरथरल्यासारखं व्हायचं. आवाज निघायचा नाही.

तुरुंगातून सुटल्यावर गुमेर्सिंदोने मला शोधून काढलं. दर रविवारी तो अंघोळ करून, पांढरा सदरा घालून यायचा आणि कपाटासमोर उभा राहायचा. त्याची बोटं स्वतःच्या मांडीवर हळूच नमस्काराचा बोल वाजवायची. तिथला रखवालदार ओलेगारियो आधी त्याच्यावर डोळा ठेवून असायचा.

"काका, दर आठवड्याला तेच काय बघता? तो ढोल काही वाढत नाही."

"तू आईला भेटायला जातोस ना?"

"जातो की."

"ती वाढते का?"

ओलेगारियोने त्यानंतर कधी विचारलं नाही.

वर्षं गेली. गुमेर्सिंदोची पाठ वाकली. एके दिवशी संग्रहालयाच्या साहेबांनी त्याला बोलावलं. बेटावरच्या आफ्रिकी संगीतावर त्यांचं व्याख्यान होतं आणि मला वाजवून दाखवणारा माणूस त्यांना हवा होता. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना खरंच ऐकायचं होतं.

पुढच्या रविवारी गुमेर्सिंदोबरोबर सेकुंदिना आली. मी तिला त्या सणाच्या दुपारनंतर पहिल्यांदाच पाहत होते. काठी टेकत ती काचेपर्यंत आली आणि खालच्या आवाजात त्याला म्हणाली, "टोप्या घातलेल्या बायकांपुढे वाजवणार हिला? ही काय सर्कशीतलं अस्वल आहे?"

"माय, आपल्या घरात आज एकही बोलका ढोल नाही. पोरं कोऱ्या लाकडावर वाजवतात आणि देव आला नाही की माझ्या तोंडाकडे बघतात."

"मग हवानाच्या ढोलांकडून वाचा घे."

"हवानाचे बोल हवानाचे. हिच्यात तुमचे वडील बोलतात. नवे तिघं तयार आहेत. साथीला म्हणून आत आणतो. दुसरा मार्ग तुम्ही सांगा, मी तो धरतो."

सेकुंदिनाने काचेच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग तिने मान वळवली. "या काचेला फडकं कोण मारतं?"

"मी मारतो, आजी," ओलेगारियो म्हणाला.

"मग नीट मार. कोपऱ्यात जळमट आहे." आणि गुमेर्सिंदोला म्हणाली, "वाजव. पण आधी तिला खाऊ घाल. उपाशीपोटी कोणी बाळंत होत नाही."

नवं कातडं चढवण्यासाठी मला मागच्या अंगणात नेलं. उन्हाचा स्पर्श झाला तेव्हा माझं सगळं लाकूड कडकडलं. गुमेर्सिंदोने पिशवीतून कोंबडा काढला. साहेब खिडकीतून म्हणाले, "तो कशाला?"

"कातड्याला लागतो, साहेब. जुनी रीत आहे."

साहेब आत गेले. ओलेगारियो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. इतक्या वर्षांनी मी जेवले.

व्याख्यानाला दिवाणखाना भरला होता. पंखे हलत होते, अत्तरांचे वास येत होते. साहेबांनी सांगितलं की हे वाद्य आता लोप पावत चाललं आहे. शेवटच्या रांगेत सेकुंदिना बसली होती. गुमेर्सिंदोने मला मांडीवर आडवी घेतली, गुडघ्यांना बांधली. नवे तिघं शेजारी बसलेल्या पोरांच्या मांड्यांवर होते, चकचकीत आणि मुके.

मला भीती वाटत होती. वाचा देताना जुने तिघं एकत्र वाजतात. माझे दोघे जळून गेले होते. तिघांचं काम एकटीला जमेल की नाही, हे गुमेर्सिंदोलाही ठाऊक नव्हतं. पहिला ठोका घशात अडकल्यासारखा आला. दुसरा जरा सुटला. मी एलेग्वाला हाक मारली आणि थांबले. नव्यांनी उत्तर दिलं, पण ते लाकडाचं उत्तर होतं. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा लाकूड. गुमेर्सिंदोचा घाम माझ्या कातड्यावर पडत होता. त्याने डोळे मिटले आणि पोती वाहणाऱ्या खांद्यांचा सगळा जोर हातांत आणला. मी ओरडले. मी मधल्याचा बोल बोलले, धाकट्याचाही बोलले, जळालेल्या दोघांना तोंडात घेऊन बोलले.

मग नव्या धाकट्याला वाचा फुटली. बारीक, ओला आवाज. त्याच्यामागून मधला बोलला. आणि शेवटी नवी इया. ती एलेग्वाचं नाव स्पष्ट बोलली आणि तिच्या तोंडून मला त्रान्किलिनो ऐकू आला.

मागे सेकुंदिना उठली आणि फरशीवर पालथी होऊन तिने कपाळ टेकलं. शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारीला भोवळ आली. तिने पाणी मागवलं.

टाळ्या वाजल्या. साहेबांचे डोळे ओले झाले होते. "सुंदर," ते म्हणाले. "आता वाद्य जागेवर ठेवा."

गुमेर्सिंदोच्या हातांना गाठ सुटेना. सुटली तरी तो मला धरून बसला होता.

"काका," ओलेगारियो हळूच म्हणाला, "द्या माझ्याकडे."

नवे तिघं दारातून बाहेर गेले. मला कपाटात ठेवलं आणि कुलूप लागलं.

त्यानंतर गुमेर्सिंदो बातम्या घेऊन यायचा. माझ्या लेकरांनी आणखी तिघांना वाचा दिली. मग कोणी घर सोडून न्यूयॉर्कला निघालं आणि त्यांच्याबरोबर माझी नातवंडं समुद्र ओलांडून गेली. "तिथे बर्फ पडतो म्हणे," तो सांगायचा, "पण शांगोला चालतं. येतो तिथेही." मी ऐकायचे. आनंद व्हायचा, आणि त्याच्या पाठोपाठ कपाट आणखी अरुंद व्हायचं. सगळे निघाले होते. मी होते तिथेच होते.

एका रविवारी तो आला नाही. दोन दिवसांनी दुपारी रस्त्यावरून ढोल ऐकू आले. ओलेगारियोने टोपी काढली आणि खिडकी उघडली. गुमेर्सिंदोला नेत होते. माणसं खिडकीखाली थांबली. माझी लेक बोलली, मग बाकीचे दोघे. मेलेल्यांना निरोप देण्याचा तो बोल मी कितीदा बोलले होते. आता इतरांनी बोलायचा आणि मी काचेआडून ऐकायचा. मला वाटलं, एक ठोका, फक्त एक. पण ज्या हातांनी तो मारायचा, ते हात खाली शवपेटीत होते. ढोल पुढे गेले. ओलेगारियोने बराच वेळ खिडकी लावली नाही.

मित्रांनो, मी अजून इथेच आहे. माझी धूळ पुसली जाते, किड्यावर औषध मारलं जातं. जपणूक यालाच म्हणतात, असं मी ऐकते. तुम्ही कुठल्याही गावच्या संग्रहालयात गेलात आणि माझ्यासारखं कोणी काचेआड दिसलं, तर चिठ्ठी जरूर वाचा. पण तिथल्या माणसाला एवढंही विचारा, की हिचं कोण आहे? कुठेतरी कोणीतरी असतंच. ते अजून जिवंत असेल, तर त्याला बोलावून घ्या, आणि तो आला की कुलूप उघडा.